उतारा आणि ग्रंथ : बारामती-इंदापूर परिसरातील वाचनव्यवहाराचा मागोवा

मराठी वाङ्मयेतिहासात बारामतीचे नाव येते ते मोरोपंतांचे कर्मस्थान म्हणून. इंदापूरचे नाव बहुधा येतच नाही. याचे कारण उघड आहे. आपले वाङ्मयेतिहास लेखकांचे आणि वाङ्मयप्रकारांचे इतिहास आहेत. कवी कोठे जन्मला, कोणाच्या आश्रयाने राहिला, त्याने कोणते वृत्त हाताळले, याची नोंद ते काळजीपूर्वक करतात. पूर्वी कधी न ऐकलेल्या ग्रंथापर्यंत वाचक कोणत्या वाटेने पोहोचला, एका प्रकारच्या रचनेत रमलेला श्रोता दुसऱ्या प्रकाराकडे कसा वळला, हा प्रश्न मात्र ते विचारीत नाहीत. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये वाङ्मयेतिहासाची मांडणी वाचकाच्या बाजूने करण्याचे आवाहन केले आणि मराठीतही ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संज्ञा पुढे चांगलीच रुळली. तथापि क्षितिजाची चर्चा करताना त्या क्षितिजापर्यंत जाणारा रस्ता कोणता, हा त्याहून साधा प्रश्न मागे पडला. कऱ्हाकाठची बारामती आणि तेथून पालखीच्या काही मजलांवर असलेले इंदापूर या टापूत हा रस्ता बराचसा दिसतो.

आरंभ मोरोपंतांपासून करावा लागतो. परंतु कवी मोरोपंतांपासून नव्हे, वाचक मोरोपंतांपासून. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेल्या या पंडिताने केशव आणि गणेश पाध्ये यांच्यापाशी काव्यशास्त्राचे अध्ययन केले आणि ऐन पंचविशीच्या आतबाहेर तो बारामतीस आला. बाबूराव नाईक हे तेथील मोठे सावकार. पेशव्यांच्या घराण्याशी त्यांचे सोयरीकसंबंध होते आणि १७४० मध्ये पेशवेपदासाठी त्यांनी नानासाहेबांना शहही देऊन पाहिला होता. त्यांच्या पदरी पुराणिक म्हणून पंतांचे उर्वरित आयुष्य गेले. १७९४ मध्ये बारामतीसच त्यांचा अंत झाला. महाभारत, भागवत, हरिवंश, रामायण असा जवळजवळ सर्व पौराणिक कथासाठा त्यांनी मराठीत आणला. एकट्या रामायणाच्या रचना परंपरा एकशे आठ मानते. ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले निरोष्ठ रामायण, दाम रामायण, परंतु रामायण, मंत्ररामायण अशी त्यांतील काहींची नावेच त्यांची रीत सांगतात.

या रामायणांकडे पाहण्याची आपली दृष्टी आजवर दोनच प्रकारची राहिली आहे. एक कौतुकाची, दुसरी कंटाळ्याची. शब्दचमत्कृतीची हौस, यमकांचा अट्टहास, पांडित्याचे प्रदर्शन असे आक्षेप त्यांवर घेतले गेले आणि त्यांतील बरेचसे खरेही आहेत. निरोष्ठ रामायण कोणी आनंदासाठी पुन्हा वाचीत असेल असे वाटत नाही. परंतु एकच कथा इतक्या वेळा इतक्या निरनिराळ्या साच्यांत घालून पाहणारा माणूस केवळ लिहीत नसतो; वाचीत असतो. ज्ञात कथेच्या आधाराने अज्ञात रूपाची ओळख करून घेण्याची ही रीत आहे. श्रोत्याच्या बाजूनेही ती तशीच लागू पडते. कथा ठाऊक असल्यामुळे त्याचे लक्ष रूपाकडे मोकळे राहते आणि नव्या वृत्ताचा, नव्या बंधाचा त्याला धाक वाटत नाही. पंतांनी ‘सीतागीत’, ‘सावित्रीगीत’ अशा रचना स्त्रियांसाठी केल्या, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ‘केकावली’साठी पृथ्वी वृत्त निवडले. ‘सन्मणिमाले’त संतांची स्तुती केली. पंडित कवी, संत कवी आणि स्त्रीगीते हे तीन कप्पे आपण पाडले आहेत. बारामतीच्या त्या पुराणिकाला ते पाडण्याची गरज भासली नव्हती.

वाङ्मयप्रकार ही कल्पना त्या काळी नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. श्लोक, अभंग, ओवी आणि आर्या एकेका कवीच्या नावावर वाटून देणारे जुने सुभाषित सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रकार म्हणजे वृत्त, आणि वृत्त म्हणजे त्याचा धनी, असा तो हिशेब होता. पण ही वाटणी स्मरणात ठेवण्याच्या सोयीची होती. ऐकण्याच्या प्रसंगी ती टिकत नसे. कीर्तनाची रचना पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. पूर्वरंगात एखादा अभंग निरूपणासाठी घेतला जातो, त्याच्या पुष्ट्यर्थ ज्ञानेश्वरीतली ओवी येते, वामनाचा श्लोक येतो. उत्तररंगात आख्यान लागले की आर्या, साकी, दिंडी, पद असे सर्व एकामागून एक येते. एका रात्रीच्या बैठकीत श्रोता सहासात कवींच्या आणि तितक्याच बंधांच्या संपर्कात येतो, तेही कोणाचा ग्रंथ हाती न धरता. आज ज्याला आपण संकलन म्हणतो ते कीर्तनकाराच्या मुखी सिद्ध असे.

येथे ‘उतारा’ ही संज्ञा योजावीशी वाटते. मूळ ग्रंथापासून सुटलेला, ग्रंथाच्या आधी वाचकापर्यंत पोहोचणारा आणि दुसऱ्या उताऱ्यांच्या सोबतीने येणारा अंश, असा तिचा येथे अर्थ. यातले शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. नवा ग्रंथ सापडतो तो बहुधा उताऱ्यातून. आणि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाणे घडते ते उताऱ्यांच्या शेजारामुळे.

रामजोशींचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सोलापूरचा हा शाहीर (१७६२–१८१२) लावणीसाठी प्रसिद्ध. पंतांची भेट झाल्यावर त्याने तमाशाचा फड सोडून कीर्तनाचा मार्ग धरला आणि त्यांच्या आर्या गावोगाव पोहोचविल्या, असे परंपरा सांगते. या कथेतील पश्चात्तापाचा भाग चरित्रकारांना आणि पुढे चित्रपटकारांनाही आवडला. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने तो महाराष्ट्रभर नेला. पश्चात्ताप बाजूला ठेवला तरी मुख्य वस्तुस्थिती उरते ती अशी : पंडित काव्यातला सर्वांत कठीण समजला जाणारा कवी लोकांपर्यंत पोहोचला तो एका लावणीकाराच्या गळ्यातून. रामजोशी स्वतः संस्कृतज्ञ ब्राह्मण घराण्यातला होता आणि लावणीच्या फडाला त्याने श्लेष-अनुप्रासाची सवय लावली होती, हेही येथे विसरता येत नाही. ज्या श्रोत्याचा कान त्याच्या लावणीवर तयार झाला होता, त्याला आर्येतले यमक परके वाटण्याचे कारण नव्हते.

या चित्राला मर्यादा आहेत, आणि त्या आपोआप दूर झाल्या असे मानणे हा भाबडेपणा ठरेल. उतारा ऐकलेल्या प्रत्येकाला ग्रंथ मिळत नव्हता. पोथी म्हणजे कागद, शाई, लेखकू आणि त्याचे दिवस. ती मागून आणावयाची, नकलून परत करावयाची. नाईकांसारख्या धनिकाच्या आश्रयाशिवाय पंतांच्या लेखनाचा एवढा विस्तार शक्य झाला नसता, आणि तो आश्रय सावकारीच्या पैशावर उभा होता. शिवाय देवळाच्या ओवरीत आणि वाड्याच्या चौकात पुराणाला कोण बसू शकत असे आणि कोणाला दारातच थांबावे लागे, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. श्रवणाची परंपरा सर्वसमावेशक होती असे जे सरसकट म्हटले जाते, ते श्रोत्यांच्या जातीचा विचार न करता म्हटले जाते.

पालखीचा मार्ग हा त्याहून मोकळा, निदान उघड्यावरचा. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास सुरू केलेला देहूचा सोहळा आज ज्या वाटेने जातो तीत बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी हे मुक्काम येतात. बेलवाडीस आणि इंदापुरास रिंगण होते. दिंडीत काय गायिले जाते याचा वाङ्मयीन अंगाने विचार फारसा झालेला नाही. वारकरी भजनाची मालिका ठरलेली असते. काकडा, हरिपाठ, रूपाचे अभंग, गौळणी, विरहिण्या, भारुडे, आरत्या या क्रमाने दिवस पुढे सरकतो. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम, जनाबाई, चोखामेळा यांचे अभंग तीत कर्त्यानुसार लागत नाहीत, प्रसंगानुसार लागतात. वारकऱ्याला गाथा माहीत असते ती अशी विखुरलेली. इंदुप्रकाश छापखान्यातून सरकारी साहाय्याने १८६९ आणि १८७३ मध्ये निघालेल्या दोन खंडांच्या गाथेने तुकोबांचे अभंग एकत्र आणले, पाठभेद नोंदविले. मराठी संपादनशास्त्राला तिचे ऋण मोठे आहे. परंतु त्याच गाथेने तुकोबांना चोखोबांपासून आणि एकनाथांच्या भारुडापासून वेगळेही केले. ग्रंथाची पूर्णता साधली ती उताऱ्याचा शेजार गमावून.

मुद्रणयुगाची ही अदलाबदल सर्वांत स्पष्ट दिसते ती परशुरामतात्या गोडबोले यांच्या ‘नवनीता’त. १८५४ मध्ये निघालेल्या या वेच्यांच्या पुस्तकाने शाळेत जाणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांना प्राचीन मराठी कविता भेटविली. कीर्तनकाराचे कार्य जणू छापील पुस्तकाने उचलले. मुक्तेश्वर, वामन, श्रीधर, मोरोपंत, तुकाराम एका बांधणीत आले आणि बारामतीस रचल्या गेलेल्या आर्या मुंबई-पुण्याच्या वाटेने क्रमिक वाचनात शिरून बारामतीकडे परतल्या. मात्र या परतीच्या प्रवासात एक बदल झाला. कीर्तनात उतारा पुढच्या उताऱ्याकडे नेई. शाळेत तो अन्वयार्थाकडे आणि परीक्षेकडे नेऊ लागला. जो मुलगा आर्येचे गद्य भाषांतर करून सुटला, त्याला मूळ आर्याभारत धुंडाळावेसे वाटले नाही यात नवल नाही. पंतांविषयीचा आधुनिक कंटाळा पंतांच्या काव्यात जितका आहे तितकाच तो शाळेच्या बाकावरही निर्माण झाला आहे, हे त्यांच्या टीकाकारांनी सहसा लक्षात घेतलेले नाही.

याच सुमारास नियतकालिकांनी दुसरा मार्ग काढला होता. माधव चंद्रोबा डुकले यांचे ‘सर्वसंग्रह’ १८६० पासून जुन्या कवींच्या रचना हप्त्याहप्त्याने छापू लागले. पुढे १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ चालविण्यास घेतला. या मासिकाचे नावच त्याचे धोरण आहे. संस्कृत काव्य, मराठी काव्य आणि ऐतिहासिक कागद हे तिन्ही एकाच वर्गणीत वाचकाच्या घरी येत. काव्याच्या ओढीने वर्गणीदार झालेल्याच्या हाती बखर पडे; बखरीसाठी थांबलेला नकळत आर्या चाळून पाही. मराठी माणसाला बखर वाङ्मय म्हणून वाचण्याची गोडी कोठून लागली याचा शोध घेताना राजवाडे यांच्या प्रस्तावनांइतकेच या शेजाराकडे पाहावयास हवे. त्यानंतर जे झाले ते उलट दिशेचे. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाडे इतिहासप्रसिद्ध व्यक्तींच्या नावाने वेगळे छापले, लावण्यांची वेगळी पुस्तके झाली, पंतांचे चरित्र आणि काव्यविवेचन पांगारकरांनी १९०८ मध्ये दिले, आणि रा. द. पराडकर यांनी पंतांचे समग्र ग्रंथ संपादिले. प्रत्येक काम आपापल्या जागी मोलाचे. परंतु रामजोशीच्या गळ्यात जे एकत्र होते ते चार कपाटांत गेले.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या ‘निबंधमाले’चा (१८७४–१८८१) उल्लेख येथे अपरिहार्य आहे, कारण इंग्रजी शिकलेल्यांच्या उपहासापासून पंतांना सोडविण्याचे काम मालेने हिरिरीने केले. ही माला पुण्यात निघत असतानाच, १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. दख्खनचे दंगे या नावाने ओळखला जाणारा हा उठाव पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्याचे वैशिष्ट्य सर्व इतिहासकारांनी नोंदविले आहे : जमावाचा रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर आणि खतावण्यांवर होता. जेथे कागद मुकाट्याने हाती आले तेथे दंगा बहुधा थांबला. वाचता न येणाऱ्यांनी कागदाची शक्ती इतकी अचूक ओळखली होती. त्यांच्या वाट्याला लिपी आली ती काव्यातून नव्हे, रोख्यातून.

‘उतारा’ या शब्दाचा मराठीतला दुसरा अर्थही येथेच आठवतो. इंदापूर तालुका एकोणिसाव्या शतकातील छापील कागदांत प्रसिद्धीस आला तो महसुलामुळे. प्रिंगल यांची आकारणी तेथे कोलमडल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५–३६ मध्ये याच तालुक्यात नव्याने मोजणी व आकारणी केली, आणि तिच्यावरून मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाची घडी बसली. शेताचा क्रमांक, क्षेत्र, आकार, कबजेदाराचे नाव असा कागद शेतकऱ्याच्या जीवनात शिरला. त्याचाच वंशज असलेल्या सातबाराच्या नकलेला आपण आजही उताराच म्हणतो. ज्या टापूत आर्येचा उतारा कंठस्थ करणारे होते, त्याच टापूत जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेणारे बहुसंख्य होते. वाङ्मयीन अभिरुचीचा कोणताही इतिहास हे दोन उतारे एकत्र ठेवल्याशिवाय पुरा होणार नाही.

जोतीराव फुले यांनी हे एकत्र ठेवले होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथ लिहिला जात असतानाच पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी वाचून दाखविला गेला, हे त्यांनीच नमूद केले आहे. म्हणजे पुराणिकाची आणि कीर्तनकाराची रीत त्यांनी सोडली नाही. तिचा विषय आणि श्रोता बदलला. अर्थशास्त्र, इतिहास, संवाद, उपहास आणि कळवळा यांची जी सरमिसळ ‘असुडा’त आहे ती वाङ्मयप्रकाराच्या चौकटीत बसत नाही म्हणून समीक्षेने दीर्घ काळ त्याला वाङ्मयात धरले नाही. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना फुल्यांनी घेतलेली भूमिका प्रसिद्ध आहे : ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना स्थान नाही त्यांच्या सभेत मिसळण्यात अर्थ नाही. या पत्राचा अर्थ सामाजिक अंगाने पुष्कळदा लावला गेला. वाचनव्यवहाराच्या अंगाने पाहिल्यास त्यात आणखी एक मुद्दा दडला आहे. कोणता ग्रंथ कोणापर्यंत पोहोचावा हे ठरविणाऱ्यांच्या यादीत श्रोता नव्हता.

विसाव्या शतकाने या टापूचे रूप पालटले. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने ऊस आणला, १९१४ मध्ये दौंड-बारामती लोहमार्ग झाला, तिसाव्या दशकात वालचंदनगर वसले, १९६२ मध्ये बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये आल्यावर तालुक्या-तालुक्यांत वर्गवार अनुदान घेणारी वाचनालये झाली. पुस्तके पूर्वी कधी नव्हती इतक्या जवळ आली. परंतु नवे पुस्तक सापडण्याची वाट तेवढ्या प्रमाणात रुंदावली, असे म्हणता येत नाही. अनुदानप्राप्त वाचनालयाच्या खरेदीत शासनमान्य ग्रंथांच्या यादीला वजन असते आणि यादीत असते ते शीर्षक, उतारा नसतो. केवळ शीर्षकावरून अनोळखी प्रकाराकडे वळणारा वाचक विरळा. कादंबरी वाचणारा कादंबरीच्याच कपाटाशी जातो, कारण दुसऱ्या कपाटातले काहीच त्याच्या कानावर पडलेले नसते. ‘ललित’ मासिकाने १९६४ पासून नव्या पुस्तकांची वार्ता देण्यास आरंभ केला आणि ‘ग्रंथाली’ने १९७४ पासून वाचक चळवळ म्हणून पुस्तके गावोगाव नेली, तेव्हा उणीव नेमकी कोठे आहे हे त्यांनी ओळखले होते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ (१९८०) ‘ग्रंथाली’ने प्रकाशित केले आणि आत्मचरित्र म्हणजे थोरांची जीवने अशी सवय असलेल्या वाचकाच्या हाती ते पडले, मागणी आधी आणि पुस्तक मागाहून, असा हा क्रम नव्हता.

विद्यापीठीय अभ्यासक्रमाने मात्र कपाटांचीच व्यवस्था पक्की केली. कादंबरी, नाटक, आत्मचरित्र, मध्ययुगीन काव्य, लोकसाहित्य अशा अभ्यासपत्रिकांत मराठी साहित्य विभागले गेले. पंत एका पत्रिकेत, रामजोशी दुसऱ्या, भारूड तिसऱ्या. ‘असूड’ कधी वैचारिक गद्यात, कधी कोठेच नाही. अभ्यासाच्या सोयीसाठी विभागणी हवी हे मान्य. पण अभ्यासाची सोय हीच वाङ्मयाची जात मानली जाऊ लागली म्हणजे बारामतीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही केकावली आणि लावणी यांचा काही संबंध असेल अशी शंका येत नाही. ग्रंथालयातही तेच. ड्यूई पद्धतीने मराठी काव्याला ८९१.४६१ हा क्रमांक मिळतो. गाथा तेथे ठेवावी की हिंदू धर्माच्या २९४.५ मध्ये, हे ग्रंथपालाच्या मर्जीवर राहते. कीर्तनाख्यानांची पुस्तके बहुधा धर्मातच जातात. ज्या बैठकीत हे सर्व एकत्र ऐकले जाई तिला कोणताच क्रमांक नाही. आषाढात इंदापूरच्या मुक्कामी हरिपाठ, गौळणी-भारुडांचे संग्रह, पोथ्या आणि गाथा रस्त्याकडेला एकाच सतरंजीवर विकावयास मांडलेल्या असतात, आणि घेणारा एक उचलताना शेजारची उघडून पाहतो.